चार इंचांची भलाई

जहूर होडेकर माणसांकडे खालून वर बघतो. आधी बूट, मग पॅन्टचा बॉटम, मग गुडघ्यामागे पडलेल्या चुण्या, आणि वेळ उरलाच तर चेहरा. चाळीसच्या वर वर्षं दुबईत शिवणकाम केल्यावर चेहऱ्यांत कुणाला रस राहणार? अल कुसैसमधल्या त्याच्या दुकानात येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांची नावं त्याला सांगता येणार नाहीत, पण कुणाचा डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा इंच आखूड आहे, हे तो झोपेतून उठवलंत तरी सांगेल. कपड्याच्या बाबतीत हा माणूस कुणाला फसवणार नाही, अशी आख्खी गल्ली ग्वाही देते.

आणि अशा माणसाने इतकी वर्षं एक थाप सांभाळून ठेवली होती. तीही पॅन्टचीच.

थापेचं एक वाईट असतं. मारणारा ती विसरायला बघतो आणि ऐकणारे पाठ करून ठेवतात. जहूरची थाप त्याच्या बायकोला, खैरुन्निसाला, तोंडपाठ होती. घरात पाहुणा आला, चहा झाला, की ती सुरू करायची. "आमच्या ह्यांनी शहाऐंशी साली इंग्लंडच्या बँडचे सूट शिवले. एक नाही, दोन नाही, सात! बँडवाले इतके खूश, इतके खूश, की त्यांच्या मुख्य गाणाऱ्याने स्वतःच्या हाताने सही करून कॅसेट दिली." मग हॉलमधल्या काचेच्या कपाटातून, मक्केच्या जमजम पाण्याच्या बाटलीच्या आणि मुलीच्या शाळेतल्या कपाच्या मधून, ती कॅसेट बाहेर निघायची. आतल्या कार्डावर इंग्लिशमध्ये लिहिलेलं होतं, 'टू जहूर, बेस्ट टेलर इन दुबई', आणि खाली गॉर्डन नावाची लफ्फेदार सही. सहीखाली दोन टिंबंसुद्धा होती.

ह्या कॅसेटवर जहूरचं लग्न जमलं होतं, हे लक्षात घ्या. अठ्ठ्याऐंशी साली तो जयगडला मुलगी बघायला गेला तेव्हा खैरुन्निसाला दुसरंही स्थळ सांगून आलं होतं. मुंब्र्याचा फ्रीज मेकॅनिक, स्वतःची खोली असलेला. वडिलांचं मन तिकडेच झुकलं होतं. जहूरने खिशातून कॅसेट काढून दिली. ती घरातल्या पुरुषांच्या हातून फिरली, मग पडद्याआड बायकांत गेली, आणि तिथून परत यायला तिने बराच वेळ घेतला. संध्याकाळपर्यंत मेकॅनिक खलास.

तर अशा ह्या सुखी घरात एका रविवारी दुपारी दुबईच्या दुसऱ्या टोकाला डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहणारी मुलगी अलिना आली. जहूर तांदळाची भाकरी मोडत होता. अलिनाने चपला काढायच्या आधीच फोन त्याच्या नाकासमोर धरला.

"अब्बा, गेस हू इज कमिंग!"

फोनवर पाच म्हातारे होते. काळे सूट, काळ्या चपट्या हॅट, काळे चष्मे. त्यांच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की डिपो सेव्हन हा बँड चाळीस वर्षांनी पुन्हा दुबईत येतोय, येत्या शनिवारी, दुपारी चार वाजता.

"या अल्ला," खैरुन्निसा ओरडली, "आपला बँड!"

"तीन टिकट्स काढलीत मी," अलिना म्हणाली. "विथ मीट अँड ग्रीट. शो संपला की ते भेटतात, सही देतात. अब्बा, यू कॅन शो देम द कॅसेट!"

"तिकीट केवढ्याला?" जहूरने विचारलं. त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

"साडेतीनशे दिरहम."

"साडेतीनशे! म्हणजे आठ हजार रुपये झाले!" खैरुन्निसा म्हणाली, आणि मग एकदम मवाळ झाली. "होऊ दे. त्यांनी ह्यांना ओळखलं ना, की वसूल."

जहूरने मोडलेली भाकरी पुन्हा ताटात ठेवली.

आता खरं काय घडलं होतं ते मलाच सांगायला हवं, कारण तो आपणहून सांगण्यातला नव्हे.

शहाऐंशी साली जहूर एकवीस वर्षांचा होता आणि दुबईतल्याच देरा भागात हनीफभाईंच्या दुकानात मशीनवर बसायचा. एका मोठ्या हॉटेलच्या वेटरांचे युनिफॉर्म त्यांच्याकडे यायचे. एका दुपारी त्या गाठोड्यात सात काळे सूट आले. सोबत चिठ्ठी, 'फक्त इस्त्री'. हॉटेलात इंग्लंडचा कुठलासा बँड उतरला होता. एका बस डेपोच्या आसपास वाढलेली पोरं ती. निम्मे जमैकाहून आलेल्या ड्रायव्हर-कंडक्टरांचे मुलगे, निम्मे तिथलेच गोरे. वाजवायचे स्का, म्हणजे जमैकाचं जुनं नाचरं संगीत. इंग्लंडातल्या पोरांनी ते मधे पुन्हा उकरून काढलं होतं आणि दोन-तीन वर्षं त्याने तिकडे धुमाकूळ घातला होता. शहाऐंशीपर्यंत तो धुमाकूळ ओसरला होता, म्हणून तर ते दुबईच्या हॉटेलात वाजवायला आले होते. पण जहूरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने फक्त पॅन्ट पाहिल्या.

पॅन्ट आखूड होत्या. एक नाही, सातही. बॉटम उलटा करून बघतो तर आत चांगली चार-चार इंच माया दुमडून ठेवलेली. जहूरला वाईट वाटलं. कुणा अडाण्याने ह्या बिचाऱ्यांना घोट्याच्या वर पॅन्ट करून दिल्या आणि एवढं चांगलं कापड आत वाया घालवलं! परक्या देशात आलेत, स्टेजवर उभे राहणार, लोकांना मोजे दिसणार. त्याच्या गावात आखूड पॅन्टचा एकच अर्थ होता, अंग वाढलं पण नवी घ्यायची ऐपत नाही. जहूरने कुणालाही न विचारता सातही पॅन्ट उसवल्या, चार इंच खाली सोडल्या, जुन्या घडीची रेघ जावी म्हणून व्हिनेगरचं फडकं ठेवून इस्त्री मारली, आणि नवी शिलाई अशी घातली की शोधूनही सापडू नये. मजुरी लावली नाही. भलाईच्या कामाला मजुरी लावत नाहीत.

त्या रात्री तो सूट पोचवायला गेला आणि ओळखीच्या वेटरने त्याला किचनच्या दारातून शो बघू दिला. बँड उशीर झाल्यामुळे घाईघाईने कपडे चढवून स्टेजवर आला. आखूड पॅन्ट आणि पांढरे मोजे हाच त्यांचा थाट होता, हे समोर बसलेल्या गोऱ्यांना माहीत होतं. किचनच्या दारातल्याला नव्हतं. पहिलंच गाणं सुरू झालं. गाणाऱ्या गॉर्डनने उंच उडी मारली, खाली येताना स्वतःच्याच पॅन्टवर पाय दिला, आणि तो तोंडावर आपटला. त्याला उठवायला ट्रॉम्बोनवाला धावला, तोही आपटला. जहूर दाराआड सरकला.

पुढे खूप आरडाओरडा झाला. हॉटेलने आपल्या धुलाईखात्याला झापलं, धुलाईखात्याने विमान कंपनीवर ढकललं, आणि हनीफभाईंच्या दुकानापर्यंत कुणी आलंच नाही. पण त्या गोंधळात एक गोष्ट घडून गेली होती. बँडवाल्यांनी स्टेजवरच पॅन्ट दुमडून गुडघ्यापर्यंत चढवल्या आणि पुन्हा वाजवायला घेतलं, आणि जहूर पळून जायचा सोडून उभा राहिला. असला ठेका त्याने कधी ऐकला नव्हता. ठोका पडायला हवा तिथे पडतच नव्हता, त्याच्या मागच्या फटीत पडत होता. पायमशीन चालवताना पाय दाबतो तेव्हा नव्हे, पाय वर येतो तेव्हा. जहूरला तो ठेका फार आवडला. इतकं लाजायचं कारण असताना इतकं आवडावं, याचंही त्याला नवल वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्याने त्या बँडची कॅसेट विकत घेतली. मित्रांना सांगताना आधी 'मी त्यांचे सूट पोचवले' म्हणाला, मग 'मी त्यांच्या सुटांना हात लावला', मग 'मी शिवले'. लग्नाची बोलणी सुरू झाली त्या आठवड्यात कार्डावर सही आली. गॉर्डन सही कशी करतो हे त्याने पाहिलेलं नव्हतं. म्हणून त्याने आपल्या बँकेच्या मॅनेजरसारखी केली, टिंबांसकट.

तर हे असं. आणि आता शनिवारी तो गॉर्डन समोर बसणार होता आणि खैरुन्निसा त्याच्या हातात ती कॅसेट देणार होती.

जहूरने आठवडाभर हातपाय मारले. सोमवारी कॅसेट कपाटातून उचलून दुकानात बटणांच्या डब्यात लपवली. खैरुन्निसा रोज अकराला दुकानात येऊन हातशिलाई आणि काज-बटण करायची. तिला दहा मिनिटांत ती सापडली. "बरं झालं, तुम्हीच काढून ठेवलीत," म्हणत तिने ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली, आणि त्यानंतर पर्स काखेतून सुटली नाही. बुधवारी जहूर गुडघा धरून बसला. म्हणाला, इतका वेळ उभं राहणं जमायचं नाही.

"नो प्रॉब्लेम, अब्बा," अलिना फोनवर म्हणाली. संध्याकाळी तिचा मेसेज आला. तिने हॉटेलला गुडघ्याबद्दल सांगितलं होतं आणि त्यांनी टेबल बदलून दिलं होतं. अगदी पहिल्या रांगेत, स्टेजला लागून.

खैरुन्निसाने ठेवणीतला अबोली ड्रेस काढला. जयगडला भावाला व्हिडिओ कॉल लावून तिने बातमीही दिली. "ह्यांना भेटायला येतायत," ती म्हणाली. भेटायला कोण कुणाला जाणार होतं हा तपशील तिने गाळला. जहूर मागे बसून एका कुर्त्याचा खिसा तिसऱ्यांदा उसवत होता. त्याला बायकोची भीती वाटत नव्हती. तिच्या डोळ्यांत आपण अडतीस वर्षं जे कुणी होतो, ते शनिवारनंतर असणार नाही, याची वाटत होती.

शनिवार आला. हॉटेलच्या तळमजल्यावरचा हॉल म्हाताऱ्या ब्रिटिशांनी भरून गेला होता. टक्कल, सुटलेली पोटं, त्यावर ताणलेले गॅलिस, डोक्यावर चपट्या हॅट. जहूरची नजर सवयीने खाली गेली. सगळ्यांच्या पॅन्ट घोट्याच्या वर. खैरुन्निसानेही पाहिलं.

"हे सगळे घोटे उघडे ठेवून तबलीगच्या जमातीत निघालेत काय?" तिने कुजबुजत विचारलं.

"अम्मी, प्लीज!" अलिना म्हणाली.

बँड आला. खैरुन्निसाने बोटाने मोजले. "पाचच? नाव सात आणि माणसं पाच?"

"दोन गेले, अम्मी. दे डाइड."

"इन्ना लिल्लाहि," खैरुन्निसा म्हणाली आणि पुन्हा मोजायच्या भानगडीत पडली नाही.

गॉर्डन सत्तरी ओलांडलेला होता. उंच स्टुलावर बसून गाणार होता. आणि बाकी चौघांच्या पॅन्ट आखूड, पण त्याची एकट्याची लांब. बुटांवर लोळत होती, टाचेखाली दुमडत होती. जहूरने ती पाहिली आणि मान फिरवली.

पण मग ठेका सुरू झाला आणि पहिली तीन गाणी जहूर सगळं विसरला. आवाज चिरका झाला होता, ट्रॉम्बोनवाला ऑस्वाल्ड दर ओळीनंतर दम खात होता, आणि पूर्वीच्या उड्या आता टाचा उचलण्यापुरत्या उरल्या होत्या. तरी ठोका त्याच फटीत पडत होता. बरोबर. कापल्या रेघेवर. मागे पाचशे म्हातारे कोपर हलवत जागच्या जागी धावत होते. जहूरचा दुखरा गुडघा टेबलाखाली वरखाली व्हायला लागला. खैरुन्निसाचं तिकडे लक्ष गेलं.

"हे तर तुमच्या मशीनसारखं वाजतंय," ती म्हणाली. तिला खरंच आवडलं होतं. जहूरला त्या क्षणी इतका आनंद झाला की रडू येईल असं वाटलं.

तो आनंद चौथ्या गाण्यापर्यंत टिकला. गॉर्डन पाणी प्यायला आणि त्याने माईक जवळ ओढला.

माझी बॅग विमान कंपनीने भलत्याच देशात पाठवली, तो म्हणाला, म्हणून ही पॅन्ट इथल्या बँक्वेट मॅनेजरची आहे. हॉल हसला. आणि लांब पॅन्टवरून आठवलं, तो पुढे म्हणाला, चाळीस वर्षांपूर्वी ह्याच शहरात आमचे सात सूट इस्त्रीला दिले होते. मग त्याने सगळं सांगितलं. उडी, आपटणं, ऑस्वाल्डचं आपटणं. लोक टेबलं बडवत होते. ही गोष्ट मी जगभर प्रत्येक शोमध्ये सांगतो, गॉर्डन म्हणाला. माझे दात पडले, केस गेले, पण तो माणूस मी विसरलो नाही. दुबईतला सगळ्यात वाईट टेलर!

टाळ्या कडाडल्या. खैरुन्निसाला त्या इंग्लिशमधलं 'टेलर' आणि 'दुबई' एवढंच कळलं.

"ह्यांच्याबद्दल बोलला?" तिने अलिनाचा दंड धरून विचारलं. अलिनाने हसत हसत सगळं मराठीत सांगितलं. खैरुन्निसाचं हसू मावळलं.

"कोण मूर्ख होता तो? तुमच्या दुकानातला तर नव्हे?"

"छे," जहूर म्हणाला. "दुसरं दुकान होतं. सत्व्यात."

अडतीस वर्षांत त्या थापेला त्याने नवीन ठिगळ लावलं नव्हतं. आज लावलं.

शो संपल्यावर बाजूच्या खोलीत रांग लागली. एका टेबलामागे गॉर्डन आणि ऑस्वाल्ड बसले होते. लोक पुढे जायचे, फोटो, सही, बाहेर. जहूरने बाथरूमचं निमित्त करून पाहिलं. खैरुन्निसाने त्याचा सदरा मागून घट्ट धरला होता.

त्यांचा नंबर आला. खैरुन्निसाने पर्स उघडली, रुमाल उलगडला आणि कॅसेट गॉर्डनसमोर ठेवली. तिने ती त्याच्या बाजूने सरळ करून ठेवली, पाहुण्याला बशी ठेवतात तशी.

गॉर्डनने चष्मा वर केला. कार्ड वाचलं. सही पाहिली. मग डोळे उचलून जहूरकडे पाहिलं, बराच वेळ. जहूर म्हणजे टेलर, हे वर लिहिलेलंच होतं. खाली जी सही होती ती आपली नाही, हेही त्याला कळत होतं. म्हातारा काही बावळट नव्हता. त्याने खैरुन्निसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिचा अबोली ड्रेस पाहिला, रुमाल पाहिला.

"अर्थातच," तो हळूच इंग्लिशमध्ये म्हणाला. "माझीच सही. मला आठवतंय."

अलिनाने ते सांगितलं. खैरुन्निसाचा चेहरा उजळला. जहूर सुटला होता. अगदी सहीसलामत सुटला होता. आता फक्त एक फोटो काढायचा, शुक्रन म्हणायचं आणि घरी जायचं.

पण खैरुन्निसा अजून बोलायची होती.

"अलिना, ह्यांना सांग," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "की स्टेजवरून जे बोललात ते बरं नाही केलंत. एक कोणीतरी गाढव निघाला म्हणून आख्ख्या दुबईच्या टेलरांना हसता? हा समोर उभाय बघा माणूस. ह्याने तुमचे सूट शिवले. ह्याने जिंदगीत कुणाचं कापड बिघडवलं नाही. ह्याच्यासमोर बसून असं बोलायचं? वाईट वाटलं असेल त्यांना. सॉरी म्हणा म्हणावं."

"अम्मी, आय कान्ट से दॅट!"

"से. यल्ला, लवकर."

अलिनाने लाल होत सांगितलं. ऑस्वाल्डने तोंडावर हात ठेवला. गॉर्डन मात्र हसला नाही. त्याने टेबलावर दोन्ही हात टेकले, कण्हत उभा राहिला, डोक्यावरची हॅट काढली आणि जहूरकडे वळला. तो खरंच माफी मागणार होता. ज्याला जहूरने भर स्टेजवर तोंडावर पाडलं होतं, तो सत्तरीपारचा माणूस दुसऱ्याच्या पॅन्टमध्ये उभा राहून जहूरची माफी मागणार होता.

इतकं पचवणं जहूरला शक्य नव्हतं.

"नो सर," तो म्हणाला. "सॉरी मत बोलो. प्लीज." गॉर्डनला हिंदी येत नाही हे लक्षात येऊन त्याने गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेलं सगळं इंग्लिश गोळा केलं. "आय अ‍ॅम दॅट टेलर. वर्स्ट वन. नॉट सत्वा. मी."

मग तो खैरुन्निसाकडे वळला. हे मराठीतच सांगायला हवं होतं. "खैरू, मीच तो गाढव. सूट मी शिवले नव्हते. इस्त्रीला आले होते फक्त. मला वाटलं पॅन्ट चुकून आखूड झाल्यात, म्हणून मी सोडल्या. कुणाला विचारलं नाही. आणि ही सही पण माझीच. कॅसेट मी विकत घेतलेली."

  खैरुन्निसाने एकदा कॅसेटकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. 

"पण का?" गॉर्डनने विचारलं. चाळीस वर्षं अडलेला प्रश्न होता तो. "का केलंस?"

"सर, इनसाइड फोर इंच गुड क्लॉथ," जहूर म्हणाला. त्याने बोटांनी माप दाखवलं. "आय थिंक, समबडी चीटिंग यू. आय थिंक, पुअर मॅन, सॉक्स शोइंग. सो आय गिव्ह. नो चार्ज."

गॉर्डन खुर्चीत बसला. आधी त्याचे खांदे हलले, मग पोट, मग तो असा हसत सुटला की ऑस्वाल्डला त्याच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. डोळे पुसत तो बोलत राहिला आणि अलिना सांगत राहिली. त्या दौऱ्यात त्याचं आणि ऑस्वाल्डचं भांडण होतं. तीन आठवडे दोघे बोलले नव्हते, घरी परतल्यावर बँड मोडायचा ठरला होता. मग तो स्टेजवर आपटला आणि हात द्यायला ऑस्वाल्ड आला.

"आलो नव्हतो," ऑस्वाल्ड म्हणाला. "हसायला आलो होतो. जवळून."

गॉर्डनने पाय पुढे केला आणि मॅनेजरची पॅन्ट चिमटीत धरून दाखवली. उद्या अबू धाबीत शो आहे, तो म्हणाला. बॅग तोवर येत नाही. मॅनेजरने दुमडायची परवानगी दिलीय, कापू नका म्हणालाय.

जहूर गुडघा विसरून खाली बसला. कापडाला हात लागल्यावर त्याला जरा धीर आला. त्याने बॉटम उलटा केला, कापड दोन बोटांत चोळून पाहिलं, आणि मग खिसे चाचपले. सुई नव्हती. ठेवणीतल्या कपड्यांत कोण सुई ठेवतो?

त्याच्या खांद्याशी पर्स उघडल्याचा आवाज झाला. खैरुन्निसाने छोटी डबी काढली, सुई उजेडाकडे धरली आणि काळा दोरा पहिल्या झटक्यात ओवला. गेली आठ वर्षं जहूरला सुईचं नेढं दिसत नव्हतं. दुकानातल्या सगळ्या सुया तीच ओवून द्यायची. तिने सुई त्याच्यापुढे केली. त्याने हात पुढे केला तशी ती मागे घेतली.

"आधी विचारा त्यांना," ती म्हणाली. "किती इंच."

जहूरने मान वर करून विचारलं, "सर, हाऊ मच?"

"फोर," गॉर्डन म्हणाला.

मग तिने सुई दिली. डाव्या पायाची तुरपाई जहूरने केली. उजव्या पायाशी खैरुन्निसा स्वतः बसली, ठेवणीतल्या ड्रेससकट. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मागच्या रांगेतल्या निदान पन्नास जणांनी फोटो काढले.

निघताना गॉर्डनने कॅसेटचं कार्ड मागून घेतलं आणि जहूरच्या सहीखाली आपली खरी सही केली.  म्हाताऱ्या हाताची सही कोळिष्टकासारखी झाली.

गाडी अलिना चालवत होती. शेख झायेद रोडवर ट्रॅफिक होता. खैरुन्निसा मागे जहूरशेजारी बसली होती, पर्स मांडीवर ठेवून, काचेबाहेर बघत. जहूर सदऱ्याचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होता. अलिनाने कॅसेटमधलंच एक गाणं फोनवर लावलं, आरशात आईचा चेहरा पाहिला आणि बंद केलं.

"चालू राहू दे," खैरुन्निसा म्हणाली.

दोन गाणी झाली.

"माझ्या वडिलांनी त्या मेकॅनिकला नाही म्हटलं," ती बाहेर बघतच म्हणाली. "चांगला होता तो. मुंब्र्याला आता तीन दुकानं आहेत त्याची."

"ठाऊक आहे," जहूर म्हणाला.  "खैरू, चुकलं माझं. तू नाही म्हणशील अशी भीती वाटली होती."

खैरुन्निसाने पर्स उघडून कार्ड काढलं. एक पेन काढलं. दोन्ही त्याच्या मांडीवर ठेवलं.

"बेस्ट खोडा."

जहूरने खोडलं. गाडी हलत होती म्हणून रेघ वाकडी आली, पण शब्द पुरता गेला. उरलं ते 'टू जहूर, टेलर इन दुबई'. खैरुन्निसाने कार्ड परत घेतलं आणि लांब धरून वाचलं. रुमालात ठेवायच्या आधी ती थबकली आणि वरची सही, खालची सही, पुन्हा वरची सही, अशी आळीपाळीने बघत राहिली.

"सही मात्र," ती म्हणाली, "तुमचीच बरी आहे."